"मला येतं" हे मला कसं कळतं? स्वतःच्या क्षमतेचा अंदाज चुकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकवण्याच्या पेशात आहे. पेपर सोपा गेला म्हणून हसत बाहेर आलेली आणि निकालाच्या दिवशी सुन्न झालेली मुलं मी पाहिली आहेत. उत्तर बरोबर माहीत असूनही हात वर न करणारी मुलंही पाहिली आहेत. दोघांची अडचण एकच आहे: आपल्याला किती येतं हे मोजायची पट्टीच चुकीची. या विषयावर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आत्मविश्वास आणि फाजील आत्मविश्वास यांत सीमारेषा कुठे?

आत्मविश्वास किती आहे यावर ती ठरत नाही. तो वस्तुस्थितीशी जुळतो का, यावर ठरते. दहापैकी नऊ गणितं सोडवणारी मुलगी "मला नऊ येतील" म्हणाली तर तिचा आत्मविश्वास मोठा आहे, पण फाजील नाही. दोन सोडवणारा मुलगा "चार येतील" म्हणाला तर आकडा लहान असूनही अंदाज दुप्पट फुगलेला आहे.

डॉन मूर आणि पॉल हीली यांनी २००८ साली या गोंधळात चांगली वर्गवारी केली. एकाच नावाखाली तीन वेगळ्या चुका खपत होत्या. पहिली, माझी कामगिरी आहे त्याहून चांगली झाली असं वाटणं. दुसरी, मी इतरांपेक्षा वरचढ आहे असं वाटणं. तिसरी, माझं उत्तर अचूकच आहे याची अवास्तव खात्री असणं. पहिल्या दोन चुका परिस्थितीप्रमाणे उलट्याही होतात, म्हणजे माणसं स्वतःला कमीही लेखतात. तिसरी मात्र जवळजवळ सगळीकडे आणि सगळ्यांत दिसते. चर्चा नेहमी दुसरीची होते. नुकसान सर्वांत जास्त तिसरी करते, असं माझं मत आहे.

बहुतेक लोक स्वतःला सरासरीपेक्षा वर समजतात, हे खरं आहे का?

हो. १९८१ साली ओला स्वेन्सन यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या वाहनचालकांना आपल्या गटातल्या इतरांशी स्वतःची तुलना करायला सांगितली. चालवण्याच्या कौशल्यात ९३ टक्के अमेरिकी आणि ६९ टक्के स्वीडिश चालकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. वरच्या अर्ध्यात जागा पन्नास टक्क्यांनाच असते. १९७७ साली नेब्रास्का विद्यापीठातल्या प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९४ टक्क्यांना आपलं काम सरासरीहून चांगलं वाटत होतं. मी स्वतः शिकवत असल्यामुळे ही पाहणी मला जास्त टोचते. रोज दुसऱ्यांचं मूल्यमापन करणारी ही माणसं. ती सवय स्वतःकडे पाहताना कामी आली नाही.

त्याहून जुना एक अभ्यास जास्त बोलका आहे. १९६५ साली प्रेस्टन आणि हॅरिस यांनी अपघातानंतर रुग्णालयात दाखल झालेल्या चालकांना स्वतःच्या कौशल्याला गुण द्यायला सांगितले. अपघात न झालेल्या चालकांनी जेवढे गुण स्वतःला दिले, जवळपास तेवढेच यांनीही दिले. म्हणजे रुग्णालयाच्या खाटेवर झोपूनही मत बदललं नव्हतं.

म्हणजे लोक खोटं बोलतात?

नाही. आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

"चांगला चालक" म्हणजे कोण? सावकाश जाणाऱ्याला वाटतं, जो जपून चालवतो तो. वेगानं जाणाऱ्याला वाटतं, ज्याचे हात चपळ तो. कधीही रस्ता न चुकणाऱ्याला वाटतं, ज्याला वाटा ठाऊक तो. प्रत्येकानं आपल्याला जे जमतं तेच "चांगलं" या शब्दात भरलं, आणि स्वतःच्या व्याख्येप्रमाणे प्रत्येक जण खरोखरच वर आहे. डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली हेच दाखवलं. गुण जितका मोघम, तितकं माणूस स्वतःला वर ठेवतो. "समंजस", "नेतृत्व करणारा" अशा शब्दांत फुगवटा मोठा असतो. "वक्तशीर" असा मोजता येणारा शब्द घेतला की तो कमी होतो.

दुसरं कारण माहितीचं. मी केलेलं काम मला आतून दिसतं: किती वेळ गेला, किती दमले, मध्येच काय अडलं. दुसऱ्याचं काम बाहेरून दिसतं, तेही कधीमधी. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांचे वाटे मिळवले की बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर जायची. भांडणात हीच बेरीज आडवी येते. दोघंही प्रामाणिक असतात. दोघांच्या आठवणीत स्वतःच्या कष्टांची नोंद भरगच्च असते आणि समोरच्याची विरळ.

डनिंग-क्रुगर परिणाम म्हणजे नेमकं काय?

१९९५ साली पिट्सबर्गमध्ये एका माणसानं भरदिवसा, तोंड न झाकता दोन बँका लुटल्या. चेहऱ्याला लिंबाचा रस लावला की कॅमेऱ्यात आपण दिसत नाही, असा त्याचा समज होता. पकडल्यावर त्याला खरंच आश्चर्य वाटलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९चा शोधनिबंध या घटनेपासूनच सुरू होतो.

त्यांनी विद्यार्थ्यांच्या तीन गोष्टींत परीक्षा घेतल्या: विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण. मग विचारलं, बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे असाल? तळाच्या पाव गटातले विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी १२व्या पर्सेंटाइलवर होते, म्हणजे शंभरांपैकी जेमतेम बारा जण त्यांच्या मागे होते. त्यांचा अंदाज होता ६२. सगळ्यात वरच्या पाव गटानं मात्र आपली जागा खऱ्याहून खाली सांगितली.

त्यांनी दिलेलं कारण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. एखादं वाक्य शुद्ध लिहायला जे व्याकरण लागतं, तेच व्याकरण ते वाक्य अशुद्ध आहे हे ओळखायला लागतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यावर दुहेरी ओझं पडतं. तो चुकतो, आणि चुकला हे कळण्याचं साधनही त्याच्याकडे नसतं. हा अहंकाराचा दोष नाही. ज्या डोळ्यानं चूक दिसायची तोच डोळा अजून उघडलेला नाही, इतकंच.

याच निबंधातले दोन प्रयोग फार कमी लोक सांगतात. एकात विद्यार्थ्यांना इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. हुशार विद्यार्थ्यांनी त्या पाहून आपला अंदाज सुधारला, कारण बाकीच्यांना हे येत नाही हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तळाच्या गटाला चांगल्या उत्तरपत्रिका हातात धरूनही आपला अंदाज खाली आणता आला नाही. दुसऱ्या प्रयोगात काही जणांना तर्कशास्त्राचं छोटं प्रशिक्षण दिलं. त्यानंतर तळाच्या गटाला आपल्या आधीच्या चुका दिसू लागल्या आणि त्यांनी स्वतःचे गुण आपणहून कमी केले. मला हा सगळ्या निबंधातला सर्वांत आशादायक भाग वाटतो. "तुला येत नाही" असं ऐकवून जे साधत नाही, ते थोडंसं शिकवल्यानं साधतं.

तो "मूर्खपणाचा डोंगर" दाखवणारा आलेख कुठून आला?

मूळ निबंधातून नाही. सुरुवातीला आत्मविश्वासाचं उंच शिखर, मग निराशेची दरी, मग हळूहळू चढण, असा तो आलेख सगळीकडे फिरतो. १९९९च्या निबंधात तसं काहीच नाही. तिथे अंदाजाची रेषा हळूहळू वर चढते. कमी येणाऱ्यांना तज्ज्ञांपेक्षा जास्त आत्मविश्वास होता असं क्रुगर आणि डनिंग यांनी म्हटलेलं नाही. कमी येणाऱ्यांचा अंदाज आणि त्यांची प्रत्यक्ष कामगिरी यांतलं अंतर सर्वांत मोठं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हा परिणाम खोटा ठरला, निव्वळ आकड्यांचा खेळ आहे, असं वाचलं. खरं काय?

आक्षेप गंभीर आहे, म्हणून नीट सांगते.

कोणत्याही परीक्षेत थोडा नशिबाचा भाग असतो. त्या दिवशी तळाला गेलेल्यांत काही खरोखर कच्चे असतात, काहींचा दिवस वाईट असतो. दुसऱ्यांदा मोजलं तर ते थोडे वर येतात आणि वरचे थोडे खाली येतात. त्यातच, बहुतेक सगळेच स्वतःला सरासरीच्या जरा वर समजतात असं धरलं, तर तळाचे लोक आपोआप खूप फुगवून सांगताहेत असं दिसेल. शिवाय जो तळाला आहे त्याला अंदाज चुकवायला फक्त वरच जागा आहे. योआखिम क्रुगर (निबंधातले जस्टिन क्रुगर वेगळे) आणि रॉस म्युलर यांनी २००२मध्येच हा मुद्दा मांडला होता. २०२०मध्ये गिल्स जिन्याक आणि मार्सिन झायेंकोव्स्की यांनी बुद्धिमत्तेच्या अंदाजांवर वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धती वापरल्या, आणि त्यांत हा परिणाम फारसा उरला नाही.

दुसरी बाजूही आहे. २०२१ साली यान्सन, रॅफर्टी आणि ग्रिफिथ्स यांनी हजारो लोकांवर प्रयोग करून वेगवेगळी गणिती प्रारूपं तपासली. कमी येणाऱ्यांना आपलं एखादं उत्तर बरोबर की चूक हे ओळखणं खरंच जास्त कठीण जातं, या बाजूनं त्यांना पुरावा मिळाला.

माझं मत असं: १९९९च्या निबंधात अंदाज आणि कामगिरी यांतलं अंतर जेवढं मोठं दिसतं तेवढं ते नाही, त्याचा बराच भाग मोजमापातून येतो. पण चूक ओळखायला तेच कौशल्य लागतं, हा मूळ विचार टिकून आहे.

थोडंसं शिकलं की आत्मविश्वास एकदम का उसळतो?

कारमेन सँचेझ आणि डनिंग यांनी २०१८मध्ये हे तपासलं. लोकांना काल्पनिक आजारांचं निदान करायला शिकवलं. प्रत्येक रुग्णानंतर बरोबर की चूक हे लगेच सांगितलं जाई. अगदी पहिल्या रुग्णाला सगळे नम्र होते. आपल्याला काही येत नाही हे त्यांना नीट माहीत होतं. मात्र थोडे रुग्ण हाताळल्यावर आत्मविश्वासानं उडी मारली आणि तो कौशल्याच्या पुष्कळ पुढे निघून गेला. कारण चार-पाच उदाहरणांवरून त्यांनी एक नियम बांधला होता आणि तो नियम सगळीकडे लागू पडेल असं धरलं होतं.

म्हणून पूर्ण नवख्यापेक्षा जरासा रुळलेला माणूस जास्त जपायला हवा. "उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण नवख्याला लागू नाही, त्याच्यात अजून पाणीच नाही. ती लागू आहे घोट्याएवढ्या पाण्याला.

मग अवघड गोष्टींत लोक स्वतःला कमी का लेखतात?

कारण दोन्हीकडे एकच कारण काम करतं. माणूस तुलना करताना मुख्यतः स्वतःकडेच पाहतो. संगणकाचा माऊस वापरणं मला सोपं जातं, म्हणून मी इतरांपेक्षा चांगली. तीन चेंडू एकाच वेळी हवेत झेलत ठेवणं मला जमत नाही, म्हणून मी इतरांपेक्षा वाईट. पहिलं सगळ्यांनाच सोपं आहे आणि दुसरं सगळ्यांनाच कठीण, हे हिशेबात येतच नाही. जस्टिन क्रुगर यांनी हे १९९९मध्येच एका वेगळ्या निबंधात दाखवलं होतं.

एखादी गोष्ट कशी चालते हे मला ठाऊक आहे असं वाटतं, पण सांगता येत नाही. असं का?

कपड्याची चेन रोज लावता. तिची सरकपट्टी दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत कशी अडकवते, पायरी-पायरीनं लिहून पाहा. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली हेच करून घेतलं: चेन, कुलूप, संडासाचा फ्लश. आधी लोकांनी आपल्या समजुतीला गुण दिले, मग सविस्तर लिहिलं, मग पुन्हा गुण दिले. लिहिल्यावर गुण घसरले. ती गोष्ट वापरता येते, ओळखीची आहे, गरज पडली तर डोळ्यांसमोर आहे. या सगळ्याला आपण "समजली आहे" असं म्हणत राहतो.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी २००६ साली लोकांना सायकलचं चित्र पुरं करायला दिलं. अनेकांनी साखळी दोन्ही चाकांना जोडली. अशी सायकल वळूच शकणार नाही.

इंटरनेटनं ही गफलत वाढवली. २०१५मध्ये मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की काही प्रश्नांची उत्तरं नेटवर शोधल्यावर लोकांना पूर्णपणे वेगळ्या विषयांतलंही आपल्याला जास्त कळतं असं वाटू लागतं. व्हिडिओचंही तसंच आहे. कार्डास आणि ओब्रायन यांच्या २०१८च्या प्रयोगांत एखादं कौशल्य पुन्हा पुन्हा पाहिलेल्यांना ते जमेल अशी खात्री वाढली. प्रत्यक्ष फलकावर छोटे बाण (डार्ट) फेकायला दिल्यावर नेम मात्र एकदाच पाहिलेल्यांपेक्षा सरस लागला नाही.

अभ्यास करताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही. हा त्यातलाच प्रकार का?

त्यातलाच, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत दुखरा, कारण इथे कष्ट खरे असतात.

माझ्या एका विद्यार्थिनीनं एक धडा सहा वेळा वाचला होता. पाठ्यपुस्तकाच्या कडा मऊ झाल्या होत्या. चाचणीत तिला तीस टक्के पडले आणि ती मला म्हणाली, "मॅडम, मला खरंच येत होतं." ती खोटं बोलत नव्हती. पान समोर असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती. फक्त ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. वाचताना मनात जो सुळसुळीतपणा येतो त्यालाच आपण ज्ञान समजतो.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी हे मोजलं. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आठवड्यानंतर किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्या गटाला होती.

म्हणून मी मुलांना सांगते: पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आठवेल ते लिहा. कागद रिकामा राहिला की रडू येतं, हे मला माहीत आहे. पण तो रिकामा कागद परीक्षेच्या आधी दिसलेला बरा.

कामं ठरलेल्या वेळेत का संपत नाहीत?

१९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. लागले ५५ पेक्षा जास्त. दिलेल्या दिवसांत संपवणारे जेमतेम तीस टक्के होते. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ पर्यंत ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये व्हायचं होतं. ते १९७३ साली, १० कोटी २० लाख डॉलर खर्चून पुरं झालं.

डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये याचं कारण मांडलं. काम किती वेळ घेईल हे ठरवताना आपण त्या कामाची गोष्ट मनात रचतो: आधी हे, मग ते, मग संपलं. या गोष्टीत कोणी आजारी पडत नाही, फाइल उडत नाही, मंजुरी लटकत नाही. तसल्या प्रत्येक अडचणीची शक्यता लहान असते, पण त्यांतली एखादी तरी येतेच.

उपाय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. "या कामाला किती वेळ लागेल?" असं न विचारता "अशा मागच्या पाच कामांना प्रत्यक्ष किती लागला?" असं विचारायचं. उत्तर तोंडी नको, तारखा लिहून काढायच्या. "पण या वेळी वेगळं आहे" असा आवाज मनात येईल. मागच्या पाचही वेळी तो आला होता.

तज्ज्ञांचं तरी असं होत नसेल?

ते कोणत्या क्षेत्रातले तज्ज्ञ आहेत यावर आहे. फिलिप टेटलॉक यांनी २८४ राजकीय आणि आर्थिक जाणकारांची हजारो भाकितं सुमारे वीस वर्षं नोंदवली. जे जास्त प्रसिद्ध, ज्यांना माध्यमांतून जास्त बोलावणं, त्यांची भाकितं उलट कमी अचूक निघाली. डॉक्टरांच्या बाबतीत २००६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वतःचं मूल्यमापन आणि बाहेरून केलेलं मूल्यमापन यांच्या २० तुलनांपैकी १३मध्ये दोघांचा मेळ फारसा नव्हता किंवा उलटाच होता.

याउलट हवामानाचा अंदाज देणारे. पावसाची शक्यता सत्तर टक्के असं ते ज्या दिवशी म्हणतात, तशा शंभर दिवसांपैकी सुमारे सत्तर दिवशी पाऊस पडतो. मर्फी आणि विंकलर यांनी हे १९७०च्या दशकातच दाखवलं. ते स्वभावानं नम्र असतात असं नाही. ते अंदाज आकड्यात देतात आणि पाऊस पडला की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतंच. सबबीला जागा राहत नाही.

पैशाच्या व्यवहारात याचा किती फटका बसतो?

ब्रॅड बार्बर आणि टेरेन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली साठ हजारांहून जास्त अमेरिकी कुटुंबांची शेअर खाती तपासली. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला. त्याच काळात बाजार १७.९ टक्के देत होता. २००१च्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के जास्त व्यवहार करताना दिसले आणि त्यापायी त्यांचं नुकसानही जास्त झालं. पण यावरून "पुरुष असेच" असं सरसकट म्हणू नये. विषय बदलला की हा फरक कमी-जास्त होतो.

जगभर सगळीकडे हे सारखंच आहे का?

नाही. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत जपानी लोकांमध्ये स्वतःला वर ठेवण्याची ओढ उत्तर अमेरिकी लोकांपेक्षा बरीच कमी आढळली.

याचा काही फायदा नसता तर ही सवय टिकली कशी असती?

फायदा आहे. कॅमेरॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं, की गटात जास्त खात्रीनं बोलणाऱ्याला इतर जण जास्त सक्षम समजतात आणि मान देतात, क्षमता तेवढी नसली तरी. डॉमिनिक जॉन्सन आणि जेम्स फाउलर यांच्या २०११च्या गणिती प्रारूपात, मिळणारं बक्षीस झगड्याच्या किमतीपेक्षा पुरेसं मोठं असेल तर स्वतःला फुगवून समजणारे टिकून राहतात. शिवाय थोड्या आशेशिवाय कोणी अवघड काम हाती घेणारच नाही.

तरीही "मग वाढू द्या आत्मविश्वास" हा निष्कर्ष मला मान्य नाही. फायदा बोलणाऱ्याला होतो. किंमत बहुधा त्याच्यावर विसंबलेले मोजतात: रुग्ण, प्रवासी, विद्यार्थी, हाताखालची माणसं.

एखाद्याला "तुझा अंदाज चुकतोय" हे कसं सांगायचं?

"डनिंग-क्रुगर" हा शब्द अजिबात वापरू नका. हल्ली तो शिवीसारखा वापरला जातो आणि ते मला मनापासून खटकतं. ज्या संशोधनानं कच्च्या माणसाकडे कळवळ्यानं पाहायला शिकवलं, त्याचाच दगड करून त्याला मारायचा?

काम समोर ठेवा, माणूस नको. "हे तू कसं केलंस, मला पायरी-पायरीनं दाखव" असं म्हटलं की पुष्कळदा सांगता सांगताच त्याला आपली अडलेली जागा सापडते. सापडली नाही तर चांगल्या कामाचा नमुना दाखवून भागणार नाही. तो नमुना चांगला का, हे शिकवावं लागेल.

मी उलट आहे. सगळे कौतुक करतात आणि मला वाटतं, कधी ना कधी माझं बिंग फुटणार.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली यशस्वी स्त्रियांमध्ये ही भावना वर्णिली. ती पुरुषांतही असते. चांगलं काम करणाऱ्यांची अडचण बहुधा अशी असते, की जे आपल्याला सोपं जातं ते सगळ्यांनाच सोपं जात असेल असं ते धरून चालतात. तुमच्यासाठीही उपाय तोच: भावना बाजूला ठेवून नोंदी पाहा. किती कामं दिली गेली, किती वेळेवर झाली, किती परत आली. पण भीतीनं झोप उडत असेल किंवा काम अडत असेल तर नोंदवही पुरेशी नाही. समुपदेशकाशी बोला.

हे सगळं इतरांना लागू पडतं, पण मी तसा नाही, असं वाटतंय.

एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना आधी स्वतःची तुलना इतरांशी करायला लावली, मग "माणसं अशी तुलना फुगवून करतात" हे वाचायला दिलं, आणि विचारलं, तुमचं उत्तर फुगलेलं होतं का? बहुसंख्य म्हणाले, माझं उत्तर बरोबर होतं. काहींनी तर आपण जरा जास्तच नम्र झालो असं सांगितलं.

आत्ता, इथल्या इथे स्वतःला तपासता येईल का?

येईल. खालच्या प्रत्येक प्रश्नाला एक आकडा न देता दोन आकडे लिहा, किमान आणि कमाल. खरं उत्तर त्या दोहोंच्या मध्ये असेल याची तुम्हाला नव्वद टक्के खात्री हवी. हवं तितकं रुंद अंतर ठेवा, पण शोधू नका.

१. पृथ्वी आणि चंद्र यांतलं सरासरी अंतर, किलोमीटरमध्ये
२. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचं जन्मवर्ष
३. नाईल नदीची लांबी, किलोमीटरमध्ये
४. बुध ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणारे दिवस
५. माणूस दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचला ते वर्ष
६. चंद्राचा व्यास, किलोमीटरमध्ये
७. आवर्त सारणीतल्या मूलद्रव्यांची संख्या
८. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ, किलोमीटरमध्ये
९. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये
१०. सुएझ कालवा खुला झाला ते वर्ष

पट्टी बरोबर असेल तर दहापैकी सुमारे नऊ उत्तरं तुमच्या मर्यादांमध्ये बसतील. मार्क अल्पर्ट आणि हॉवर्ड रायफा यांनी असाच प्रयोग केला, तेव्हा लोकांनी ९८ टक्के खात्रीनं दिलेल्या मर्यादांबाहेर सुमारे चाळीस टक्के उत्तरं पडली होती. तुमची पाच-सहाच बसली, तर सामान्य ज्ञान कमी आहे असा अर्थ काढू नका. नाईलची लांबी माहीत नसणाऱ्यालाही शंभर ते वीस हजार असं लिहायला मोकळीक होती. आठवड्यानं नवे दहा प्रश्न घ्या आणि मर्यादा थोड्या रुंद करा.

उत्तरं: ३,८४,४०० किलोमीटर, १८७९, सुमारे ६,६५०, ८८ दिवस, १९११, सुमारे ३,४७४, ११८, सुमारे ४०,०७५, सुमारे ५,५००, १८६९.